आयुक्त कोण, हे विचारणारे आपण कोण?

उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. नांदे गावात आमच्या ओसरीवर सात-आठ जण बसलो होतो आणि मधे एक कागद होता. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'राज्याच्या शिक्षण आयुक्तपदी नियुक्ती करताना विचारात घ्यावयाच्या बाबी'. कागद मी लिहिला होता. आमच्यात एक गुरुजी आहेत. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून ते निवृत्त झाले. त्यांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "पोरी, लिहिलंयस चांगलं. पण हे आपलं काम नव्हे. उद्या तहसीलदार कोण हवा तेही गावानं सांगायचं का? नेमणूक सरकारची. आपण काम झालं की नाही तेवढं बघायचं."

त्या दिवशी मी वाद घातला नाही. गुरुजींचं मत हे काही एकट्याचं मत नव्हे. पुण्यात असो, नांद्यात असो, शिकलेल्या मराठी माणसाला विचारलं तर दहातले नऊ जण हेच म्हणतील. मला ते मत चुकीचं वाटतं, आणि ते का चुकीचं आहे हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण आधी ते पुरतेपणी मांडायला हवं.

पूर्वपक्ष असा. आयुक्त नेमणं हा कार्यकारी अधिकार आहे. तो मंत्रिमंडळाकडे असतो, मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असतं आणि विधिमंडळ आपण निवडून देतो. एवढी साखळी असताना मधल्या कडीला बाहेरून कुणी हात घालू नये. शिवाय महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आहेत, दोन कोटींहून अधिक मुलं आहेत. एवढा पसारा सांभाळायला कोण लायक, हे गावातल्या पालकाला कळायचं कसं? लोकांना विचारायला गेलं की जात येते, पक्ष येतो, ज्याचा आवाज मोठा त्याचा माणूस येतो. आणि शेवटचा मुद्दा, जो गुरुजी फार मनापासून मांडतात: माणसं येतात-जातात, यंत्रणा टिकते. मग एका खुर्चीवर कोण बसलंय यावर एवढं रक्त का आटवायचं?

सुरुवात पहिल्या मुद्द्यापासून करते, कारण तो सर्वांत भक्कम वाटतो. 'ही सरकारची बाब' असं आपण म्हणतो तेव्हा ती पहिल्यापासून तशीच होती असं गृहीत धरतो. ती तशी नव्हती. मुंबई इलाख्यात एतद्देशीयांच्या शिक्षणाचं काम आधी लोकांच्या संस्थेकडे होतं. १८२२ साली सुरू झालेली आणि १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावानं ओळखली गेलेली ती संस्था पुस्तकं काढायची, शाळा चालवायची. सदाशिव काशीनाथ छत्रे आणि त्यांच्यामागून बाळशास्त्री जांभेकर तिचे एतद्देशीय सचिव होते. १८४० मध्ये सरकारनं तिच्या जागी बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन केलं. त्या बोर्डावर अध्यक्ष आणि तीन सभासद सरकारचे, आणि तीन सभासद सोसायटीनं पाठवलेले एतद्देशीय. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे ते पहिले तिघे. इलाख्याचं शिक्षण कुणी आणि कसं चालवायचं, हे ठरवणाऱ्या सात खुर्च्यांपैकी तीन रयतेच्या बाजूच्या होत्या, तेही कंपनी सरकारच्या राज्यात.

त्या तीन खुर्च्यांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. सर अर्स्किन पेरी हे बोर्डाचे अध्यक्ष, न्यायाधीश माणूस, मोठ्या अधिकाराचा. त्यांना वरचं शिक्षण इंग्रजीतूनच हवं होतं. १८४७-४८ च्या सुमारास नाना शंकरशेटांनी याला लेखी विरोध नोंदवला. लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचं तर ते लोकांच्या भाषेतूनच, अशी त्यांची भूमिका होती आणि कर्नल जर्व्हिससारखा युरोपीय सभासदही त्यांच्या बाजूला होता. वाद सरकारपर्यंत गेला आणि तिथून मोघम उत्तर आलं. निकाल बाजूला ठेवू. एका सराफी घराण्यातल्या व्यापाऱ्यानं, जो शिक्षणशास्त्राचा पदवीधर नव्हता, मुख्य न्यायाधीशासमोर मुलांच्या भाषेची बाजू मांडली, आणि इतिहासानं ती बाजू खरी ठरवली. 'सामान्यांना शिक्षणातलं काय कळतं' या दुसऱ्या आक्षेपालाही मला इथेच अर्धं उत्तर मिळतं.

हे बोर्ड १८५५ मध्ये बंद झालं. वुडच्या १८५४ च्या खलित्याप्रमाणे प्रत्येक इलाख्यात एकच अधिकारी नेमायचा ठरला, डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन. मुंबईत पहिले आले सी. जे. अर्स्किन, मुलकी सेवेतले. तीन खुर्च्या गेल्या, एक खुर्ची राहिली, आणि तिच्यावर कोण बसणार ते वरून ठरू लागलं. आजचे शिक्षण संचालक त्या पदाचे वारस आहेत. त्यांच्यावर गेल्या दशकात आयुक्त हे पद आलं. म्हणजे ज्याला आपण राज्यकारभाराचा सनातन नियम समजतो तो १८५५ मधला एक प्रशासकीय निर्णय आहे, आणि तो आपल्याला न विचारता घेतलेला आहे. त्यातही एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याच खलित्यात कंपनीच्या संचालक मंडळानं बजावलं होतं की आरंभी मुलकी अधिकारी नेमले तरी ही पदं त्याच सेवेची मक्तेदारी समजू नयेत. अधिक योग्य माणूस मिळाला, मग तो युरोपीय असो वा एतद्देशीय, तर त्याला डावलू नये. पुढे अलेक्झांडर ग्रँटसारखा ॲरिस्टॉटलचा अभ्यासक आणि एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य या पदावर आला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात डॉ. चित्रा नाईक, वि. वि. चिपळूणकर यांच्यासारखी शिक्षणातच आयुष्य घालवलेली माणसं संचालक होती.

मी प्रशासकीय सेवेच्या विरोधात नाही. काही आयुक्तांनी चांगलं काम केलं आहे, हे शिक्षकच सांगतात. मला खटकतं ते हे की या पदावरच्या माणसाला शाळेचा काय अनुभव हवा, हे कुठेही लिहिलेलं नाही. बदलीचा आदेश निघतो, त्यात दहा-पंधरा नावं असतात. एकाला साखर, एकाला जमाबंदी, एकाला शिक्षण. वर्तमानपत्रात चौकट येते आणि आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो.

आता 'यंत्रणा टिकते' हा मुद्दा. चोक्कलिंगम, भापकर, धीरज कुमार, सोळंकी, मांढरे आणि नंतर सचिंद्र प्रताप सिंह, आयुक्तांची एवढी नावं तर मला विचार न करता आठवतात. जे मूल जून २०१४ मध्ये पहिलीत बसलं ते २०२३-२४ मध्ये दहावीत पोचेपर्यंत त्याच्या राज्याचे किमान पाच शिक्षण आयुक्त झाले. पहिलीच्या वाचनाचा कार्यक्रम एकानं आखला, त्याचं मूल्यमापन दुसऱ्यानं केलं, तिसऱ्यानं नवी चाचणी आणली. सलगपणे जी गोष्ट टिकते ती म्हणजे माहिती मागवण्याची सवय. यंत्रणा टिकते हे खरं. पण ती काय टिकवून ठेवते हे वर बसलेला ठरवतो.

आमच्या तालुक्यातली एक द्विशिक्षकी शाळा मी जवळून पाहिली आहे. पावसाळ्यातली सकाळ. पहिली ते चौथी, सगळी मुलं दोन खोल्यांत. एक बाई रजेवर, म्हणून मुख्याध्यापक एकटे. फळ्यावर हातच्याच्या वजाबाकीचं उदाहरण मांडलेलं. ४२ वजा १७. सर एका मुलीला समजावत होते की दोनातून सात जात नाहीत, मग शेजारच्या घरातून एक दशक उसनं आणायचं. तेवढ्यात मोबाइल वाजला. गटावर संदेश होता: 'आजच, दुपारी तीनपर्यंत, अति तातडीचे.' मुलांच्या आधार जुळणीची काहीतरी माहिती. रेंज व्हरांड्याच्या एका टोकालाच मिळते, म्हणून सर तिकडे जाऊन उभे राहिले. पंचवीस मिनिटं मी घड्याळात मोजली. ती मुलगी पाटीवर चारच्या डोक्यावर तीन लिहून थांबली होती. तिनं पुढचं काही लिहिलं नाही, खोडलंही नाही. फक्त दाराकडे बघत राहिली.

तो संदेश केंद्रप्रमुखांकडून आला, त्यांच्याकडे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून, त्यांच्याकडे जिल्ह्याकडून, जिल्ह्याकडे पुण्याच्या मध्यवर्ती इमारतीतल्या शिक्षण आयुक्तालयातून. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचं २७ वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत. ऑनलाइन माहिती शिक्षणाबाहेरची की आतली, हे कायदा सांगत नाही. ते त्या खुर्चीवरचा माणूस ठरवतो. त्यानं एकदा मनावर घेतलं की 'महिन्यातून एकच दिवस माहिती, बाकी दिवस मोबाइल बंद', तर आपल्या तालुक्यातल्या त्या मुलीची वजाबाकी पूर्ण होते. म्हणून गुरुजी, माणूस कोण यानं फरक पडतो.

नांद्यातून हे फार स्पष्ट दिसतं. आमच्या शेजारचं सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. नांदे जिल्हा परिषदेतच राहिलं. दोन गावांत अंतर किती, तर दुचाकीनं दहा मिनिटं. एका गावच्या शाळेचा मालक महापालिका, दुसऱ्याची जिल्हा परिषद. एकीकडे आयुक्त महापालिकेचे, दुसरीकडे मुख्य कार्यकारी अधिकारी. पण दोन्हीकडचे पालक एकाच कागदानं हलतात. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका, हे फेब्रुवारी २०२४ मधलं परिपत्रक असो, की पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या पंचवीस तारखेपर्यंत ताणण्याचा २०२५ चा निर्णय असो, दोन्ही गावांतल्या घरांना आपलं वेळापत्रक बदलावं लागलं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयावर शिक्षक २५ सप्टेंबर २०२४ रोजी सामूहिक रजेवर गेले. त्या दिवशी दोन्ही गावांतली मुलं घरी होती. ज्या खात्याच्या निर्णयांनी इतकी घरं हलतात त्याच्या आयुक्ताच्या नेमणुकीत त्या घरांचा शब्दही नसावा, याचं समर्थन मला सापडत नाही.

आता 'लोकांना कळतं काय' याचं उरलेलं अर्धं उत्तर. पाटाच्या पाण्याचं गणित शेतकऱ्याला येत नाही. किती क्युसेक सोडायचं ते अभियंता सांगतो. पण चारीच्या शेवटच्या शेताला पाणी पोचलं की नाही हे फक्त शेवटच्या शेतकऱ्यालाच कळतं, आणि ते मुख्यालयातल्या नकाशावर दिसत नाही. आयुक्त नेमताना आम्हाला अर्थसंकल्प किंवा सेवाज्येष्ठता यावर मत द्यायचं नाही. शेवटच्या शेतापर्यंत पाणी नेण्याचा अनुभव या माणसाला आहे का, एवढंच विचारायचं आहे. आमच्या मुळशी तालुक्याला हे कुणी शिकवायला नको. १९२१ मध्ये टाटांच्या धरणासाठी इथल्या जमिनी संपादित झाल्या तेव्हा वीज, उद्योग, मुंबईची गरज हे सगळं जाणकारांना माहीत होतं. कुठलं खाचर किती भात देतं आणि ते गेल्यावर घर कशावर चालतं, हे मावळ्यांना माहीत होतं. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यासाठी उभे राहिले आणि सेनापती झाले. सत्याग्रह हरला, धरण झालं. पण मावळ्यांना 'काही कळत नव्हतं' असं आज कुणी म्हणत नाही.

राजकारण शिरेल, या आक्षेपाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण प्रामाणिक माणसं इथेच अडखळतात. लोकांनी तोंड उघडलं नाही म्हणून नेमणुका निर्मळ होतात, असं कुणाला वाटतं का? आवाज आजही आहेत. शिक्षक संघटनांचा आहे, संस्थाचालकांचा आहे, साहित्य आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचा आहे. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले सात आमदार बसतात. ते बसावेत, शिक्षकांचे प्रश्न मांडावेत, याला माझा विरोध नाही. पण दोन कोटी मुलांच्या आईबापांचा म्हणून एकही मतदारसंघ नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेच्या फाटकापर्यंत आमचं ऐकायचं असं कायदा सांगतो. फाटकाच्या पुढे, केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य, कुठेच आमची खुर्ची नाही. आम्ही बोललो तर राजकारण शिरेल असं नाही. जे आत आहे त्याला उघड्यावर यावं लागेल.

आणि उशिरा बोलण्याची किंमत तरी किती! फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारी अधिसूचना निघाली. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली, १९ जुलैला अधिसूचना रद्द झाली. तोवर शाळा सुरू होऊन महिना गेला होता आणि गरीब घरांतली मुलं प्रवेशाच्या यादीची वाट बघत घरी होती. पुढच्या वर्षी १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला. लेखक, शिक्षक, पालक, पक्ष, सरकारचीच भाषा सल्लागार समिती, सगळे विरोधात गेले आणि २९ जून २०२५ रोजी तो आणि नंतरचा सुधारित निर्णय असे दोन्ही मागे घ्यावे लागले. लोकांनी बोलून चूक दुरुस्त झाली, याचा मला आनंद आहे. पण अडीच महिने सगळ्या राज्याची शक्ती एक कागद मागे घ्यायला खर्च झाली. कागद काढणाऱ्यांनी आधी कुणाकुणाला विचारावं, हे त्यांच्या नेमणुकीच्या अटीतच असतं तर?

माझ्याविरुद्ध एक साक्षीदार उभा करता येतो, आणि तो मोठा आहे. महात्मा फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगासमोर निवेदन दिलं. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई, त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. पैसा कुणब्याचा आणि शाळा दुसऱ्यांच्या, हे त्यांचं मुख्य गाऱ्हाणं. पण त्याच निवेदनात त्यांनी या पैशाचा कारभार स्थानिक समित्यांच्या हाती द्यायला विरोध केला. पाटील, इनामदार, सरदार अशा न शिकलेल्या लोकांच्या समित्यांपेक्षा शिक्षण खातंच बरं, असं त्यांचं मत होतं. 'बघा, फुलेसुद्धा लोकांच्या हाती द्यायला तयार नव्हते,' असं मला कुणी म्हणू शकेल.

मी ते निवेदन पुन्हा वाचलं ते याच शंकेनं. फुल्यांचा विरोध आहे तो गावातल्या बड्यांना. तो लोकांना नाही. आणि ते स्वतः काय करताहेत ते पाहा. ते ना खात्याचे नोकर, ना आयोगाचे सभासद. तरी शिक्षक कोणत्या समाजातून घ्यावेत, त्यांना पगार किती असावा, मुलांना काय शिकवावं, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं असावं, हे सगळं ते सांगतात. तपासणी अधिकारी शाळेत वर्षातून एकदाच येतो, त्यानं तिमाहीला तरी यावं, आणि कधी न कळवता यावं, इथपर्यंत बारीक सूचना आहे. खात्याकडे कारभार द्या, पण खात्यात कोण असावं आणि त्यानं कसं वागावं हे मी सांगणार, अशी ती भूमिका आहे. मला फुले माझ्या विरुद्ध दिसत नाहीत.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण माझा सगळा आग्रह तिथे येऊन थांबतो. सार्वजनिक पदावर बसलेल्या माणसाला 'तू कोणत्या अधिकारानं इथे आहेस' असं विचारण्याचा हक्क आपल्या कायद्यात कोणाही नागरिकाला आहे. क्वो वॉरंटो, मराठीत अधिकारपृच्छा. त्याची चौकट सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये ज्या खटल्यात स्पष्ट केली, तो म्हैसूर विद्यापीठातल्या इंग्रजीच्या एका प्रपाठकाच्या नेमणुकीचा होता. शिक्षणातलीच नेमणूक. म्हणजे 'हे विचारणारे आपण कोण' याचं उत्तर कायद्यानं कधीच देऊन ठेवलं आहे. पण न्यायालय एकच गोष्ट तपासतं: पदासाठी जी अर्हता नियमात लिहिली आहे ती या माणसाकडे आहे का. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राजन वेळूकर यांच्या २०१० च्या नेमणुकीवर याचिका झाल्या त्या याच आधारावर. शोधनिबंधांची अट होती, ती पुरी होते का असा प्रश्न होता. प्रकरण उच्च न्यायालयात, राज्यपालांकडे, सर्वोच्च न्यायालयात फिरलं. त्याच्या निकालात मला इथे शिरायचं नाही. प्रश्न विचारता आला, कारण अट लिहिलेली होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे कुलगुरूसाठी शोध समिती असते, जाहिरात निघते, किमान पाच नावांची शिफारस होते, पाच वर्षांची मुदत असते. एका विद्यापीठासाठी एवढं. आणि राज्यातल्या सगळ्या शाळांच्या प्रमुखासाठी? अटच नाही, तर नागरिक न्यायालयात जाऊन विचारणार कशावरून?

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. लोक बोलत नाहीत असं नाही. आवडत्या अधिकाऱ्याची बदली झाली की सह्यांची मोहीम निघते. तुकाराम मुंढे यांच्या नाशिकमधल्या बदलीवेळी लोक रस्त्यावर आले, नागपूरमध्येही आले. त्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. पण 'हाच माणूस द्या' ही मागणी चुकीची आहे असं मी म्हणते, आणि ज्यांना नागरिकांचा आवाज म्हणजे गोंधळ वाटतो त्यांना बळ मिळतं ते अशा मागण्यांतूनच. नाव मागितलं की आपण एका माणसाचे पाठीराखे होतो. तो माणूस उद्या चुकला तर आपलं तोंड बंद होतं, गेला तर चळवळ संपते. शिवाय नाव मागायला गट लागतो, आणि गट आला की गुरुजींची भीती खरी ठरते. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत शिक्षणप्रमुख थेट मतदानानं निवडतात. तेही मला इथे नको आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जे होतं ते शिक्षण खात्याच्या खुर्चीसाठी राज्यभर व्हावं असं कुणाला वाटेल?

माझ्या कागदात म्हणून एकही नाव नाही. पहिली मागणी अनुभवाची: आयुक्त किंवा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा संचालक होणाऱ्यानं शालेय शिक्षणाशी थेट संबंधित काम किती वर्षं केलं असावं, हे सरकारनं लिहून जाहीर करावं. किती ते सरकारनंच ठरवावं, पण आकडा असावा. दुसरी मुदतीची. ही तर नवी मागणीच नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आलेल्या महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्यांनाही एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षं धरली आहेत. मध्येच हलवायचं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल दिला आणि त्यानंतर केंद्राच्या नियमांतही किमान दोन वर्षं आली. कारणं नोंदवली जातात ती फायलीत. आम्हाला ती वाचायला हवीत. शिक्षण आयुक्त तीन वर्षांआधी बदलला तर ते कारण खात्याच्या संकेतस्थळावर टाकावं, एवढंच.

तिसरी मागणी सल्ल्याची. २००९ च्या त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात राज्य सल्लागार परिषद आहे. जास्तीत जास्त पंधरा सभासद, प्राथमिक शिक्षण आणि बालविकासाचं ज्ञान व अनुभव असलेले. नव्या आयुक्तानं पहिल्या तीन महिन्यांत आपली दिशा या परिषदेपुढे उघडपणे मांडावी, आणि तिथे शाळा व्यवस्थापन समित्यांच्या पालकांना बोलावून ऐकावं. १८४० च्या तीन खुर्च्या परत मागण्याची ही मला दिसणारी सर्वांत साधी वाट आहे. आणि चौथी मागणी भेटींची. मी लिहिलं होतं: 'आयुक्तांनी दरमहा किमान एका द्विशिक्षकी शाळेस भेट द्यावी.'

हा कागद १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायचा आमचा विचार आहे. ग्रामसभेचा ठराव झाला म्हणून मंत्रालय हलेल असं मी मानत नाही. पण ठराव इतिवृत्तात राहतो, त्याला क्रमांक असतो, त्याची प्रत पौडला पंचायत समितीत जाते, जिल्हा परिषदेत जाते, आणि त्यावर काय केलं हे माहिती अधिकारात विचारता येतं. मुळशीतल्या आणखी दहा गावांनी तोच मजकूर घेतला, सूसच्या पालकांनी महापालिकेकडे दिला, तर तो एका गावचा हट्ट उरत नाही.

गुरुजींना मी हा लेख छापायच्या आधी वाचून दाखवला. त्यांचं मत बदललेलं नाही. सही करणार नाहीत, असं त्यांनी परत सांगितलं. पण कागद मागून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि चौथ्या मागणीवर थांबले.

"असं लिहू नकोस," ते म्हणाले. "साहेबांची भेट आहे म्हटलं की आम्ही दोन दिवस शिकवणं बंद ठेवायचो. भिंती धुवायच्या, रांगोळ्या काढायच्या, स्वागतगीत बसवायचं. माझ्या चौतीस वर्षांत किती स्वागतगीतं बसवली त्याला मोजदाद नाही."

आणि 'भेट द्यावी' च्या आधी त्यांनी दोन शब्द घातले: 'न कळवता'.